उडालेली पावडर कुणाच्या वाट्याला?

औषधाच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नव्याने रुजू झालेल्या मुलांना भीती कशाची वाटते, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. सल्फ्युरिक ॲसिडची बाटली ती दोन्ही हातांनी धरतात, गॉगल दोनदा तपासतात. ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचा वास आला की फ्युमहूडकडे, म्हणजे हवा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटाकडे, धावतात. पांढऱ्या पावडरची बाटली मात्र बिनधास्त उघडतात. पावडरीतून धूर निघत नाही, तिला फारसा वास नसतो, हातावर सांडली तर भाजत नाही. शिवाय ती औषध असते. औषध म्हणजे गुणकारी गोष्ट, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्कं बसलेलं असतं.

बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळ्यांत पडणारं मूळ औषध बनवणाऱ्या कारखान्यांतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली आणि आता नव्या मुलांना शिकवणं हा माझ्या कामाचा मोठा भाग झाला आहे. तारापूर, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ, पाताळगंगा या पट्ट्यांतल्या लॅबमध्ये रोज सकाळी शिफ्ट सुरू झाली की असंख्य हात बॅलन्सचं, म्हणजे नाजूक वजनकाट्याचं, काचेचं दार सरकवतात आणि स्पॅच्युलाच्या (चपट्या छोट्या चमच्याच्या) टोकावर चिमूटभर एपीआय, म्हणजे ते मूळ औषध, घेतात. प्रॉडक्शनमध्ये हीच पावडर किलोंनी हाताळली जाते, म्हणून तिथे बंद यंत्रणा, आयसोलेटर (हातमोज्यांतून काम करायच्या बंद पेट्या), हवेच्या नळीला जोडलेले सूट असा सगळा सरंजाम असतो. लॅबमध्ये मिलिग्रॅमचा व्यवहार, म्हणून काळजीही त्याच मापाने घेतली जाते. माझं भांडण या समजुतीशी आहे.

मुलं म्हणतात, ‘मॅडम, पाच मिलिग्रॅम तर आहे.’ मग मी त्यांना लेव्होथायरॉक्सिनचा हिशोब करायला लावते. थायरॉइडची गोळी घरोघरी असते, त्यामुळे तिचं बळ पटकन कळतं. ती गोळी २५, ५०, १०० मायक्रोग्रॅमची असते; एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. १०० मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने पाच मिलिग्रॅममध्ये ५० माणसांचा एका दिवसाचा डोस झाला आणि एका ग्रॅममध्ये १० हजार माणसांचा. गर्भनिरोधक गोळ्यांतलं एथिनिल इस्ट्राडिओल याहून जहाल: एका गोळीत ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. स्पॅच्युलाला चिकटून राहिलेला, डोळ्यांना जेमतेम दिसणारा पांढरा पुसटसा थर पूर्ण डोसाएवढा असू शकतो.

हवेचा हिशोबही असाच आहे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये माणूस साधारण १० घनमीटर हवा श्वासातून आत घेतो, असं धरून कामाच्या जागेच्या मर्यादा ठरवतात. दर घनमीटर हवेत १० मायक्रोग्रॅम औषध तरंगत असेल, तर शिफ्ट संपेपर्यंत १०० मायक्रोग्रॅम आत गेलेलं असतं. म्हणजे आजार नसताना थायरॉइडची अख्खी गोळी, तीही रोज. जहाल औषधं कुठून सुरू होतात हे ठरवण्यासाठी बऱ्याच कंपन्या हाच १० मायक्रोग्रॅमचा आकडा धरतात. पॅरासिटामोलसारख्या औषधाची मर्यादा मिलिग्रॅममध्ये मोजली जाते. दिसायला दोन्ही पावडरी सारख्याच पांढऱ्या.

आणि जी दिसते ती पावडर फुप्फुसात फारशी जातच नाही. मोठे कण नाकात, घशात अडकतात किंवा खाली बसतात. खोलवर जातात ते साधारण १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि एवढा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आजकाल बरीच औषधं पाण्यात लवकर विरघळावीत म्हणून मुद्दाम मायक्रोनाइज करतात, म्हणजे दळून नेमकी याच मापाची करतात. ५ मायक्रॉनचा, पाण्याइतक्या घनतेचा कण अगदी स्थिर हवेत नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला अर्धा तास घेतो. १ मायक्रॉनच्या कणाला बारा तास लागतात. त्यात लॅबमधली हवा कधीच स्थिर नसते. एसी चालू असतो, माणसं येत-जात असतात. सकाळच्या शिफ्टने उडवलेलं दुपारच्या शिफ्टच्या नाकात जाऊ शकतं.

हे सगळं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी आमच्याकडे रायबोफ्लेविन आहे. ब जीवनसत्त्वातलं बी-टू. निरुपद्रवी, केशरी-पिवळं आणि अतिनील दिव्याखाली हिरवट-पिवळं चमकणारं. टाक्या आणि यंत्रं धुतल्यावर पाणी सगळीकडे पोचलं का, हे बघायला कारखान्यात ते वापरतातच. मी ते शिकवायला वापरते. नव्या मुलांना रोजच्यासारखं वजन घ्यायला सांगायचं, फ्लास्कमध्ये टाकायचं, लॉगबुकात नोंद करायची, ग्लोव्ह्ज काढून हात धुवायचे. मग दिवे मालवायचे आणि हातातला यूव्ही दिवा फिरवायचा.

एका मुलीचं आठवतं. तिचा हात इतका स्थिर की तिचं वजन घेणं बघत राहावं. बॅलन्सच्या तबकडीभोवती एक कण सांडला नव्हता. अंधार केला तेव्हा आधी तिचा पांढरा कोट निळसर उजळला, कारण कपड्यांना पांढरेपणा आणणारी द्रव्यंही या दिव्याखाली चमकतात. नवख्या माणसाला तेच औषध वाटतं. नजर स्थिरावली की त्या निळ्यात हिरवट-पिवळे ठिपके वेगळे दिसू लागतात. उजव्या बाहीच्या काठावर एक पट्टा होता. बॅलन्सच्या दाराच्या मुठीवर आणि टेअरच्या, म्हणजे आकडा शून्यावर आणायच्या, बटणावर बोटाचा गोल होता. पेनाच्या मधोमध, जिथे तीन बोटं टेकतात तिथे, तीन डाग होते. लॉगबुकाचा खालचा उजवा कोपरा, जिथून पान उलटतात, अख्खा चमकत होता. आणि तिच्या मास्कच्या वरच्या कडेला, नाकाजवळ, दोन बोटांचे ठसे होते. काम करता करता मास्क खाली घसरला आणि तिने तो त्याच ग्लोव्ह्जनी वर सारला होता. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होतात, तसंच हे. इथे फक्त दिवा लावल्याशिवाय दिसत नाही.

त्या दिवशी पुढे जे झालं, त्याने माझं शिकवणं बदललं. संध्याकाळी मावशींनी नेहमीप्रमाणे टेबलं पुसली, फ्लास्क घासायला नेले. मुलांना उत्साह आला होता म्हणून दिवा पुन्हा लावला. मावशींचं फडकं हिरवं चमकलं. बेसिनचा नळ चमकला. मावशींनी हात पुढे केला तर तळहाताच्या रेषांमध्ये बारीक पिवळा रंग बसलेला होता. त्या हसल्या नाहीत की घाबरल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘हे तर तुम्ही व्हिटॅमिन म्हणता. बाकीच्या दिवशी काय असतं?’

बाकीच्या दिवशी काय असतं, हे बाटलीवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं. वजन घेणारा ते वाचतो. त्याच्या मागून येणाऱ्यापर्यंत लेबल पोचत नाही, पावडर पोचते. म्हणून मुलांना मी आता आधी स्वतःचा बचाव शिकवत नाही. तुझ्या हातून सुटलेलं पुढे कुणाच्या हाताला लागेल, ते आधी बघ, म्हणते. एकदा हे डोक्यात बसलं की स्वतःचा बचाव आपोआप होतो, आणि तो जास्त पक्का होतो.

वजन घेण्याची रीतच बघा. पद्धतीत लिहिलेलं असतं: सुमारे १० मिलिग्रॅम अचूक वजन करून घ्या. नव्या मुलाला यातलं ‘अचूक’ दिसतं, ‘सुमारे’ दिसत नाही. तो १०.०० आणायच्या मागे लागतो. थोडं टाकतो, जास्त झालं, थोडं काढतो, पुन्हा टाकतो. प्रत्येक वेळी स्पॅच्युला हलतो आणि प्रत्येक वेळी थोडी पावडर हवेत जाते. इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष सांगणाऱ्या ग्रंथात, याची सोय आधीच करून ठेवली आहे: सुमारे म्हणजे सांगितलेल्या वजनाच्या १० टक्के अलीकडे-पलीकडे. ९.४३ आलं तरी चालतं, फक्त ते ९.४३ नेमकं नोंदवा आणि हिशोबात घ्या. दोन चमच्यांत काम संपलं पाहिजे. जास्त घेतलेलं बाटलीत परत टाकायचं नाही; ते बाटलीतल्या औषधासाठीही वाईट आणि हवेसाठीही.

औषध खरोखर जहाल असेल तर याहून चांगली वाट आहे. रिकामी कुपी झाकणासकट तोलायची. हवा ओढून गाळणाऱ्या बंदिस्त कप्प्यात नेऊन अंदाजाने पावडर टाकायची, झाकण लावायचं आणि बंद कुपी पुन्हा तोलायची. मग रबरी झाकणातून सुईने डायल्युएंट, म्हणजे औषध विरघळवणारा द्रव, आत सोडायचा. कोरडी पावडर बॅलन्सवर उघडी पडतच नाही. वेळ थोडा जास्त जातो. सॅम्पल ‘आत्ताच्या आत्ता’ हवं म्हणून प्रॉडक्शनचे फोन चालू असतात, तेव्हा ही पाच मिनिटं टिकवून धरणं हे लॅब सांभाळणाऱ्याचं काम आहे. ज्याच्या हातात स्पॅच्युला आहे त्याच्यावर हा भार टाकू नये.

बाटली उघडण्यातही बऱ्याच गोष्टी आहेत. झाकणाच्या आतल्या बाजूला पावडर चिकटलेली असते. बाटली उभी ठेवून टेबलावर हलके टकटक करायचं, थोडं थांबायचं, मग बाटली चेहऱ्यापासून लांब ठेवून झाकण सावकाश फिरवायचं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्थिर विजेने पावडर अक्षरशः उडी मारते. स्पॅच्युलावरून निघते आणि बटर पेपर सोडून भलतीकडे जाऊन बसते. अशा वेळी बॅलन्सजवळ स्थिर वीज घालवणारा आयनायझर नसेल तर हात कितीही कसलेला असो, उपयोग नाही. कोकणातल्या पावसाळ्यात उलट त्रास: पावडर ओल धरते, गोळा होते आणि मुलं तो फोडायला स्पॅच्युला आपटतात. आपटू नका. घासू नका. बाटलीच्या काठावर ठोकू नका.

बॅलन्सच्या शेजारी ठेवलेल्या त्या मऊ केसांच्या ब्रशबद्दल माझं मत फार कडक आहे. तबकडीवर सांडलेली पावडर झटकायला तो पिढ्यानपिढ्या वापरला जातो. त्याने तबकडी साफ होते आणि पावडर हवेत जाते. जहाल औषधांच्या बॅलन्सवरून तो काढून टाकावा. सांडलेली पावडर नेहमी ओल्याने पुसायची: टिश्यू त्या औषधाला विरघळवणाऱ्या द्रवाने भिजवायचा, कडेकडून मध्याकडे यायचं, एका घडीने एकदाच पुसायचं आणि तो टिश्यू घातक कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा. कोरडा झाडू, कोरडं फडकं, फुंकर यातलं काही नाही. घरातल्यासारखा व्हॅक्युम क्लीनर तर नाहीच, तो बारीक कण मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो.

फ्युमहूडवरही लोकांचा आंधळा विश्वास असतो. त्याच्या तोंडाशी हवा साधारण अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने आत जाते. माणूस चालताना याच्या दुपटीहून जास्त वेगाने जातो. हूडसमोरून कुणी तरातरा गेलं की मागे खेचली जाणारी हवा हूडमधलं बाहेर आणते. म्हणून काम काठापासून वीतभर आत करायचं, काच जितकी खाली ठेवता येईल तितकी ठेवायची, हात सावकाश आत-बाहेर करायचे आणि डोकं कधीही आत घालायचं नाही. शिवाय त्या झोतात नाजूक बॅलन्सचा आकडा ठरत नाही, म्हणून मुलं वजनापुरती काच वर करतात किंवा पंखा बंद करतात. यावर उपाय आहे: बॅलन्ससाठी खास मंद झोताचा आणि बारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा कप्पा. तो महाग असतो, हे खरं. पण लॅबसाठी खरेदीची यादी करताना एचपीएलसी या नव्या तपासणी-यंत्राच्या आधी तो असावा, असं मी प्रत्येक वेळी लिहून देते.

मास्कचा नंबर या सगळ्यानंतर येतो. एन-९५ मास्क चांगला आहे, पण तो चेहऱ्याला चिकटून बसला तरच. दाढी असेल तर कडेने हवा आत जाते. आणि वर सांगितलेल्या त्या दोन बोटांच्या ठशांसारखं काही झालं तर मास्कच औषध नाकाशी घेऊन येतो. ग्लोव्ह्ज दोन घालायचे, कोटाची बाही त्यांच्या आत घ्यायची, वरचा जोड कप्प्यातच, उलटा करून काढायचा. मग साबण आणि पाणी. सॅनिटायझरने पावडर जात नाही, ती फक्त पसरते.

आपल्या राज्याचा या उद्योगाशी जुना संबंध आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिनने वाचवलेल्या जिवांची गणती नाही. पण पावडरीच्या बाबतीत ते वेगळीच अक्कल शिकवतं. इथे प्रश्न डोसाचा नसून शरीराच्या आठवणीचा आहे. काही जणांना महिनोन्‌महिने काही होत नाही, आणि त्याच काळात शरीर हळूहळू त्या रेणूला ओळखायला शिकतं. मग एक दिवस अगदी अल्प प्रमाण पुरतं: अंगावर गांध्या, धाप, दमा, क्वचित त्याहून भयंकर. एकदा ॲलर्जी जडली की त्या विभागातलं काम कायमचं संपतं आणि पुढे आजारपणात त्या औषधाची वाटही बंद होते. म्हणूनच पेनिसिलिन वर्गातली औषधं, सेक्स हार्मोन्स आणि कर्करोगावरची पेशीनाशक औषधं इतर औषधांपासून वेगळी बनवावीत, असा नियम औषधनिर्मितीच्या सरकारी नियमावलीत, शेड्यूल एममध्ये आहे. ‘आजवर मला काही झालं नाही’ हे वाक्य मी अनुभवी माणसांकडून ऐकते तेव्हा मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. आपल्या घरातलं इसबगोलसुद्धा असंच आहे. त्याची पूड सतत हाताळणाऱ्या कामगारांना आणि परिचारिकांना दमा जडल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

हार्मोन्सचं उदाहरण पोर्तो रिकोमधलं. १९७०च्या दशकात तिथल्या गर्भनिरोधक गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात पुरुष कामगारांची छाती वाढू लागली आणि स्त्री कामगारांना पाळीच्या मधल्या काळात रक्तस्राव होऊ लागला. अमेरिकी सरकारच्या तज्ज्ञांनी जाऊन तपासणी केली तेव्हा कारण समोर आलं, हवेतली आणि पृष्ठभागांवरची इस्ट्रोजेनची धूळ. कुणी गोळ्या गिळल्या नव्हत्या. ती माणसं फक्त कामावर येत होती.

मावशींच्या प्रश्नाकडे परत येते, कारण त्याचं उत्तर आम्ही कामातून दिलं. आता वापरलेला कुठलाही फ्लास्क तसाच बेसिनवर ठेवायचा नाही. पहिली धुलाई ज्याने वापरला त्यानेच करायची, औषध विरघळेल अशा द्रवाने, आणि ते धुवण घातक कचऱ्याच्या कॅनमध्ये टाकायचं. मावशींकडे जातो तो औषध निघालेला फ्लास्क. बॅलन्सभोवतीचं टेबल वापरणाराच ओलं पुसतो. मावशींना नायट्राइल ग्लोव्ह्ज मिळतात, ॲनालिस्टला मिळतात तेच. वैद्यकीय तपासणीच्या यादीत त्यांचं नाव यावं यासाठी मात्र बराच पाठपुरावा करावा लागला, कारण त्या ठेकेदाराकडून येतात आणि ठेकेदाराच्या माणसाचं नाव कुठल्या यादीत घालायचं, हा प्रश्न कागदावर नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी असतो. पावडर हजेरीपट बघत नाही. ज्या लॅबमध्ये हे अजून झालेलं नाही, तिथल्या तरुण मुलामुलींनी हा मुद्दा सुरक्षा समितीच्या बैठकीत लेखी मांडावा, असं मला मनापासून वाटतं. वरिष्ठ ऐकत नाहीत, असं गृहीत धरू नका. यूव्ही दिवा घेऊन जा.

कोट घरी नेऊन धुण्याबद्दलही हेच. बाहीच्या काठावरचा तो हिरवट पट्टा घरच्या मशीनमध्ये बाळाच्या झबल्याबरोबर फिरतो. कोट कंपनीतच धुतले गेले पाहिजेत. जिथे ती सोय नाही तिथे ती मागून घ्यावी, आणि मिळेपर्यंत कोट वेगळ्या पिशवीत न्यावा, वेगळा धुवावा.

लॅबबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट, कारण पावडर घरातही बनते. म्हाताऱ्या माणसांना गोळी गिळता येत नाही म्हणून आपण ती खलबत्त्यात कुटतो, दोन चमच्यांमध्ये चिरडतो. गोळीवर असलेलं आवरण पुष्कळदा चवीसाठी असतं, पण काही वेळा ते हाताळणाऱ्याच्या रक्षणाचंही काम करतं. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं फिनास्टेराइड हे अगदी नेमकं उदाहरण. गर्भवती किंवा गर्भवती असण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने त्याची फुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ही सूचना औषधाच्या माहितीपत्रकात असते. आता आपल्या घरातलं चित्र बघा. गोळी सासऱ्यांची असते, आणि कुटायला पुष्कळदा सूनच बसते. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घेतात ते मेथोट्रेक्झेटही घरी कुटायचं औषध नाही.

फार्मासिस्टला दोन गोष्टी विचारा: ही गोळी फोडली तर घेणाऱ्याला चालते का, आणि फोडणाऱ्याला चालते का. बऱ्याच औषधांचं पातळ रूप बाजारात मिळतं. फोडायला हरकत नाही असं कळलं, तरी गोळी कोरडी कुटू नका. छोट्या कपात थोड्या पाण्यात भिजत ठेवली की बहुतेक गोळ्या आपणच विरघळतात किंवा फुटतात. कप तिथल्या तिथे धुऊन टाका, घासायच्या भांड्यांत ठेवू नका.